उपाशी श्वासाची पिशवी

बोलतेय ती मी, एक पिशवी. भाजीची नाही, किराण्याची नाही. माझ्यात आजवर कुणी कांदे भरले नाहीत की ओल्या चपला कोंबल्या नाहीत. माझ्यात माणसं श्वास सोडतात. चंदेरी अंग, वहीच्या पानाएवढा आकार, एका कोपऱ्यात नळी, नळीला निळं बूच आणि पोटावर काळ्या शाईने काढलेलं शून्य. एवढीच मी.

या घडीला माझ्या पोटात एक श्वास आहे. तो कुणाचा, आणि कुणी कधी मोजला कसा नाही, हे सांगायचं म्हणून तोंड उघडलं. म्हणजे बोलण्यापुरतं. बूच अजून जागच्या जागी आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमधला. एक भेंडोळं प्लास्टिकचं, एक ॲल्युमिनियमचं. दोघांना तापवून एकमेकांवर दाबलं, कडा चिकटवल्या, झालं. तुम्हाला जमेल का, पटेल का, असं दोघांना कुणी विचारलं नाही. वडीलधाऱ्या माणसांना ही पद्धत फार आवडते, हे मला पुढे कळलं.

शेडच्या टोकाला एक तपासनीस बाई बसायची. प्रत्येक पिशवीत हवा भरून ती कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायची. माझ्या डाव्या कडेचा जोड तिला जरा वाकडा वाटला. तिने मला कानाशी धरलं, दूर केलं, परत धरलं. मग म्हणाली, "चालेल."

माझ्याबद्दल जगाने दिलेलं हे पहिलं मत. चालेल.

खोक्यात भरून मी एका मोठ्या दवाखान्यात आले. तिथल्या तळमजल्यावर मागच्या बाजूला एक प्रयोगशाळा आहे. एक खिडकी, दोन टेबलं, बाहेर बाक आणि कोपऱ्यात गुणगुणणारं एक यंत्र. तिथे माणसाचं शरीर चरबी पचवतं की नाही, ते त्याच्या श्वासावरून तपासतात. हसू नका, खरंच तपासतात. एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको.

सकाळी माणूस उपाशीपोटी येतो. त्याला लोणी लावलेला टोस्ट देतात. त्या लोण्यात एक खास चरबी मिसळलेली असते. तिच्यातला कार्बन नेहमीच्या कार्बनपेक्षा वजनाला किंचित जड. त्याने अपाय काही होत नाही, फक्त तो ओळखू येतो. स्वादुपिंडातून पाचकरस नीट येत असेल तर ती चरबी फुटते, अंगात जाते, जळते आणि तो जड कार्बन श्वासातून बाहेर पडतो. पाचकरसच नसेल तर चरबी आली तशी खालून निघून जाते आणि श्वासाला त्याचा पत्ताही लागत नाही. दर तासाला माणसाने एकेका पिशवीत श्वास सोडायचा. संध्याकाळी सगळ्या पिशव्या यंत्राला लावायच्या. पडद्यावर एक रेघ चढते किंवा चढत नाही.

एक ते सहा या पिशव्या टोस्टनंतरच्या. मी शून्य. टोस्टच्या आधीची.

म्हणजे बघा, माझ्या बहिणींना लोण्याचा वास येतो, जेवलेल्या माणसाची ऊब मिळते. दुपारपर्यंत माणसाला जांभया येतात, त्या जांभयाही त्यांच्या वाट्याला येतात. मला मात्र प्रत्येक माणूस उपाशीच भेटला. घाबरलेला, तोंड कोरडं पडलेला, आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नसलेला. माझ्यात एकदा फुंकायचं, बूच लावायचं आणि चाकांच्या स्टँडवर चिमट्याला अडकवून द्यायचं. मग सबंध दिवस माझ्याकडे कुणी बघत नाही. शेवटी माझा आकडा काढतात तो कशासाठी? तर बाकी साऱ्यांच्या आकड्यांतून वजा करायला. मी नसले तर बाकीच्यांना अर्थ नाही, आणि मी असले तरी माझ्या एकटीला काही अर्थ नाही. असं जगणं किती एकटं असतं, ते घरातल्या कुणा थोरल्या मुलीला विचारा.

स्टँडवर लटकून मी माणसं खूप पाहिली. काहीजण फुगा फुगवावा तसे गाल फुगवून फुंकतात. काही म्हातारे छाती काढून बायकोकडे बघतात, बघ अजून किती दम आहे. काहीजण फुंकून झाल्यावर माझं तोंड पुसून देतात, जणू उष्टा पेला परत करतायत. पण एक खोड सगळ्यांत सारखी. प्रश्न रुग्णाला विचारतात आणि उत्तर देतो सोबत आलेला. "कधीपासून दुखतंय?" दुखतंय मुलाला, बोलतो बाप. "जेवण जातं का?" जेवते सून, बोलते सासू. ज्याचं पोट त्याला तोंड नाही. तोंड फक्त माझ्यात फुंकण्यापुरतं.

त्या प्रयोगशाळेचे मालक म्हणावेत असे एक मोठे सर. मोठे म्हणजे पदाने आणि आवाजानेही. खोलीत फारसे येत नसत, आले की खिडकी बंद करायला सांगत आणि गेले की ती पुन्हा उघडली जाई. त्यांना ही चाचणी सुधारायची होती. सहा तास माणसाला बाकावर बसवायचं म्हणजे फार, ते चार तासांत उरकलं पाहिजे, पहिल्या चार पिशव्यांची बेरीज पुरे, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांच्या एका मोठ्या सभेत ते तसं सांगणार होते. तिथे पडद्यावर दाखवायची चित्रंही तयार होती.

सुधारणेचं खरं काम करायची ती ताई. तिची संशोधनाची पदवी अर्धी झाली होती आणि उरलेली अर्धी सरांच्या सहीत अडकली होती. माझ्या पोटावरचं शून्य तिनेच काढलं. लोणी प्रत्येक टोस्टवर सारखं लागावं म्हणून तिने एक चपटी सुरी ठरवून ठेवली होती. मधल्या वेळात माणूस जिने चढला-उतरला तर श्वास बदलतो, म्हणून बाकावरून उठायचं नाही असा तिचा नियम. आदल्या दिवशी मका आणि उसाची साखर खायची नाही हा दुसरा नियम. त्या दोन पिकांत तोच जड कार्बन मुळातच जरा जास्त असतो, यंत्राची फसगत होते. ताई हे सगळं सोबत आलेल्या माणसाला समजावून सांगायची. सोबत आलेला मान डोलवायचा.

आणि मग एक दिवस काडी आली.

घरात तिला काडीच म्हणत. विशीची पोर, बारीक मनगटं, ओढणी दोन वेढे घेतलेली. बरोबर बाबा आणि आत्या. आई लहानपणीच गेलेली, आत्यानेच वाढवलेलं. बाबा लोकांना मोटार शिकवायचे. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो ना, तसा त्यांचा एक पाय कायम मुलीच्या आयुष्यातल्या ब्रेकवर. आत्या कपडे शिवायची. गळ्यात मोजायची फीत अडकवूनच ती दवाखान्यात आली होती, काढायची राहून गेली असावी.

ताईने काडीला विचारलं की त्रास काय होतो. बाबा म्हणाले, "त्रास काही नाही. जेवत नाही. कॉलेज सोडायला निमित्त पाहिजे होतं."

आत्या म्हणाली, "दर महिन्याला हिचे कपडे आत घेतेय मी. शिवणीत कापड उरलं नाही आता. आरशापुढे उभं राहायचं आणि जेवण चोरून फेकायचं, आजकालच्या पोरींचं हेच."

काडी खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "मी खाते. खाल्लेलं राहत नाही. संडासला तेल तरंगतं."

"चारचौघांत काय बोलावं काही कळतं का?" आत्याने तिला दटावलं. बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि ताई पुढच्या प्रश्नाकडे वळली. ज्या एका वाक्यावरून अर्धं निदान झालं असतं, ते दोघांनी मिळून गाडून टाकलं. का, तर लाज वाटते. मुलगी वाळून चाललीय त्याची लाज वाटत नव्हती, तिच्या संडासची वाटत होती.

त्या दिवशी काय पणाला लागलंय, तेही तेव्हाच कळलं. तिच्या काकाच्या ओळखीचं एक केंद्र होतं, गावाबाहेर. न जेवणाऱ्या मुलींना तिथे ठेवून घेतात. चमच्याने भरवतात, जेवणानंतर तासभर संडासला जाऊ देत नाहीत आणि गेलं तर दाराबाहेर बाई उभी. बाबांनी तिथे बोलून ठेवलं होतं. श्वासाचा रिपोर्ट वाईट आला तर इलाज करायचा, चांगला आला तर सोमवारी केंद्रात. पचत नसलेल्या पोरीला चमच्याने लोणी भरवणार होते. आणि ते बाहेर पडू नये म्हणून दाराला पहारा.

काडीने माझ्यात श्वास सोडला. उपाशी श्वास मला नवीन नाही. पण बाकीच्यांचा उपास एका रात्रीचा असतो. हिचा कित्येक महिन्यांचा होता, तिन्ही वेळा जेवूनसुद्धा. इतका हलका श्वास माझ्यात आधी कुणी सोडला नव्हता. ताईने बूच लावलं, मला स्टँडवर अडकवलं आणि स्टँड बाकाशेजारी उभा केला.

काडीने टोस्ट पूर्ण खाल्ला. कडासुद्धा. आत्या टक लावून बघत होती, चोर पकडायला बसल्यासारखी.

पहिली पिशवी झाली, दुसरी झाली. बाबांचा एक विद्यार्थी वाट बघत होता, ते गेले. ताईला यंत्राशी काम होतं, ती आत गेली. आत्या उठून फाटकापर्यंत गेली आणि परत आली ती हातात पॉपकॉर्नचा पुडा घेऊन. फाटकाबाहेर एक काचेची गाडी उभी असते, तिथला. गरम होता, कागदाला वाफ धरली होती.

"आता खाऊ नको म्हणून सांगितलंय," काडी म्हणाली.

"बघ. हेच म्हणते मी. न खायला कारण मिळालं की झालं तुझं."

"आत्या, चाचणी आहे."

"चाचणी लोण्याची आहे. यात लोणी नाही, नुसत्या फुललेल्या लाह्या आहेत. मी विचारून घेतलं गाडीवाल्याला." आत्याने पुडा तिच्या मांडीवर ठेवला. "मला मशीन नको, बिशीन नको. माझ्यासमोर एवढं खाऊन दाखव. दाखवलंस तर भावाला मी सांगते, पोरगी खाते म्हणून. केंद्र रद्द. माझा शब्द."

काडीने पुड्याचं तोंड उघडलं. तुम्ही म्हणाल, शिकलेली मुलगी, नियम कळत होता, कशाला खाल्लं. तुमच्यावर कधी कुणी खोटेपणाचा आळ घेतलाय का? रोज, प्रत्येक जेवणाला, वर्षभर? मग समोर एक पुडा ठेवून कुणी म्हणालं की हा संपव, तुझ्यावर विश्वास ठेवते, तर तुम्ही काय केलं असतं? तिने खाल्लं. एकेक दाणा उचलून, आत्याला दिसेल असं. पुडा संपवला, उलटा करून दाखवला. आत्याने रिकामा पुडा चारपदरी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मी तिथेच लटकत होते, वीतभर अंतरावर. माझ्या पोटात तिचा उपाशी श्वास आणि समोर ती खातेय. मला कान आहेत, डोळे आहेत असं समजा, पण तोंड आहे त्याला बूच.

तिसरी पिशवी फुंकायच्या वेळी ताईने आत्यालाच विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" आत्या म्हणाली, "मी आहे ना इथं." हे उत्तर नव्हतं. ताईने ते उत्तर म्हणून घेतलं.

संध्याकाळी रेघ चढली. मोठ्या सरांनी पहिल्या चार पिशव्यांची बेरीज पाहिली आणि म्हणाले, नॉर्मल. काठावर का होईना, पास. बाबांना बोलावून सांगितलं की शरीराचा दोष नाही, मनाचं बघा. बाबांचा चेहरा तेव्हा कसा झाला माहीत आहे? सुटल्यासारखा. मुलीला आजार नाही म्हणून नव्हे. आपण बरोबर होतो म्हणून.

काडीने फक्त आत्याकडे पाहिलं. आत्याने दिलेला शब्द दोघींना आठवत होता. आत्या म्हणाली, "डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळतं का?" आणि पर्सची चेन लावली.

दुसऱ्या दिवशी ताई आम्हा पिशव्यांना धूत होती. म्हणजे पंपाने स्वच्छ हवा भरून जुना श्वास हुसकून लावायचा. तिसरीची पाळी आली तेव्हा तिच्या नळीतून टुणकन काहीतरी उडालं आणि टेबलावर पडलं. ताईने बोटावर घेऊन उजेडात धरलं. पिवळसर तांबूस, वाटीसारखं वळलेलं टरफल. तुम्ही पॉपकॉर्न खाता तेव्हा दाताच्या फटीत जे अडकतं आणि दोन दिवस जिभेला छळतं, तेच. काडीच्या दातातून सुटून ते फुंकरीबरोबर नळीत गेलं होतं.

ताईने पडद्यावर काडीची रेघ पुन्हा उघडली. बेरीज बघायची सोडून तिने पहिल्यांदाच रेघेचा आकार बघितला. चरबीची रेघ सावकाश चढते आणि बराच वेळ वर राहते. ही तिसऱ्या पिशवीला भसकन चढली होती आणि पाचवीपर्यंत खाली आली होती. दोन पिशव्यांपुरता एक उंचवटा, बाकी सगळं सपाट.

ती सरांकडे गेली. परत आली तेव्हा कान लाल. सर म्हणाले होते की एका टरफलावरून चाचणी परत करायची म्हणजे आमची चाचणी चुकते असं आम्हीच जाहीर करायचं, आणि तेही सभेच्या तोंडावर. रुग्ण काय खातो त्यावर पहारा ठेवणं आपलं काम नाही. शिवाय, तिने खाल्लंच कशावरून?

वयाने मोठ्या माणसांचं हे एक असतं. चूक झाली तर ती लहानांची, आणि लहानांनी ती दाखवली तर ते उर्मटपण.

सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा रिकामी होती. ताई एकटीच आली, उपाशी. माझ्यात श्वास सोडला. तिचा श्वास मी पहिल्यांदाच घेत होते. इतकी वर्षं एका खोलीत राहून आमची ही पहिली भेट. मग तिने टोस्ट खाल्ला, पण साध्या लोण्याचा, त्यात ती खास चरबी नव्हती. बाकावर बसली, काडी बसली होती तिथेच. दुसऱ्या पिशवीनंतर फाटकावरून आणलेला पुडा उघडला आणि सगळा खाल्ला. सबंध दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही, तीही कुणाशी बोलली नाही. फक्त एकदा तिच्या आईचा फोन आला आणि ती म्हणाली, हो, जेवले.

संध्याकाळी तिची रेघ आली. तिसऱ्याला चढलेली, पाचव्याला उतरलेली. तिने ती काडीच्या रेघेवर ठेवली. एकावर एक, जशी आत्या कापडावर कापड ठेवून कापत असेल. कडा जुळल्या. म्हणजे काडीच्या श्वासात लोणी नव्हतंच. होता तो सगळा मका.

ताईने काडीच्या घरी फोन लावला. टेबलावर ठेवूनच बोलत होती, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. बाबांनी उचलला. मुलीशी बोलायचंय म्हटल्यावर म्हणाले, काय ते मला सांगा. ताईने सांगितलं. बाबा म्हणाले, "एकदा नॉर्मल म्हणालात, आता नाही म्हणता. आधी तुमचं काय ते ठरवा. आमची बॅग भरून झालीय." आणि ठेवून दिला.

मग तिने दुसरा नंबर लावला. आत्याचा. मागे शिवणयंत्राचा आवाज येत होता.

"पॉपकॉर्न तुम्ही दिलंत ना तिला?"

शिवणयंत्र थांबलं.

"पोरीला खाऊ घातलं, हा गुन्हा झाला का?"

"गुन्हा नाही. पण मशीनला तुमचा मका दिसला आणि तिचा आजार झाकला गेला. ती खोटं बोलत नाहीये, आत्या. लोण्याचा एक कणही पचलेला दिसत नाही तिला. तिला केंद्रात पाठवू नका."

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग आत्याचा आवाज आला, एकदम उतरलेला. "ते तेल तरंगतं म्हणाली होती."

"हो."

"तिला मी गप्प बसवलं."

ताई काही बोलली नाही. बरं केलं. अशा वेळी लहानांनी मोठ्यांची समजूत काढायची नसते, त्यांना तसंच थोडं बसू द्यायचं.

आत्याने भावाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण सोमवारी, केंद्रात जायच्या दिवशी सकाळीच, ती काडीला घेऊन आली, एकटीच. सरांची परवानगी ताईने काढली नव्हती. जी मिळणारच नाही ती मागायची कशाला.

या खेपेला ताईने एक नवीन गोष्ट केली. आत्याला बाहेर बसवलं, दार लावलं आणि काडीसमोर खुर्ची ओढून बसली.

"त्या दिवशी खाल्लं होतंस?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

काडीने नजर वर केली. तिचा चेहरा एवढा सरळ मी तेव्हाच पाहिला. म्हणाली, "तुम्ही मला विचारलं नव्हतं. तुम्ही आत्याला विचारलं होतं."

ताईने खुर्ची आणखी जवळ ओढली. मग काडीच बोलत सुटली. वर्गातून किती वेळा पळावं लागायचं, बाकावरचे हसायचे. कॉलेज तिने सोडलं नव्हतं, तिला बसवतच नव्हतं. रात्री पोटात गुरगुरायचं आणि आत्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती पोटावर उशी धरून झोपायची. आरशापुढे उभी राहायची हे खरं, पण ते आपण कुठवर उरलोय ते बघायला. सगळं सांगितलं. कुणी मधे बोललं नाही. तिला एवढं सलग बोलायला आयुष्यात प्रथमच मिळालं असावं, कारण वाक्य संपल्यावर ती दर वेळी थांबायची, कुणी तोडतंय का बघायला.

बोलून झाल्यावर ताईने मला तिच्या हातात दिलं. काडीने मोठा श्वास घेतला आणि माझ्यात सोडला.

ताई बूच लावून मला चिमट्याला अडकवणार तोच थांबली. मला कानाशी धरलं. दूर केलं, परत धरलं. डाव्या कडेचा तो वाकडा जोड शेवटी उसवायला लागला होता. बारीक, अगदी बारीक आवाज येत होता.

"ही नाही चालणार," ती म्हणाली.

तिने नवी पिशवी काढली, तिच्यावर शून्य काढलं आणि काडीला म्हणाली, "परत एकदा फुंकशील?" काडीने फुंकलं. ती पिशवी स्टँडवर गेली. मला ताईने बाजूच्या खणात ठेवलं. घाईत होती, आतला श्वास काढायचा राहिला.

पुढचं मी खणाच्या फटीतून ऐकलं. त्या दिवशी आत्या बाहेरच्या बाकावर बसून राहिली. ताई तिला म्हणाली की तुम्ही चहा घेऊन या, तुम्हाला बंदी नाही. आत्या गेली नाही. सहावी पिशवी होईपर्यंत तिने पाणीसुद्धा तोंडाला लावलं नाही. माफी वगैरे तिच्याच्याने मागवली नसती, त्या पिढीच्या तोंडाला तो शब्द जमत नाही. एवढं तिला जमलं.

संध्याकाळी रेघ आली. आडवी. जमिनीलगत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ताईने ती काडीला दाखवली, आत्याला नंतर. काडी पडद्याकडे बघून रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे मी खात होते."

मग वरच्या मजल्यावर पुढच्या तपासण्या झाल्या. जेवणाबरोबर घ्यायच्या पाचकरसाच्या कॅप्सूल सुरू झाल्या. भरलेली बॅग रिकामी झाली. बाबा एकदा येऊन गेले आणि दारात उभे राहून म्हणाले, "मला वाटतच होतं काहीतरी आहे." मोठे सरही सभेला जाऊन आले. चाचणीत आम्ही महत्त्वाची सुधारणा केली, असं त्यांनी तिथे सांगितलं म्हणे. नुसती बेरीज नको, रेघेचा आकारही बघा, सहा तास पूर्ण करा आणि दर पिशवीला रुग्णाला एकट्याला, न रागावता विचारा. टाळ्या पडल्या. ताईचं नाव शेवटच्या चित्रात होतं, बारीक अक्षरांत. पण सही मिळाली.

पिशव्यांची गरज मग उरली नाही. काचेच्या छोट्या नळ्या आल्या. बहिणींना एका खोक्यात भरून कुठेतरी नेलं. मी खणात होते, म्हणून राहिले. माझ्याखाली मुदत संपलेले हातमोजे आहेत, वर सुकलेलं मार्कर. बोलायला कुणी नाही. स्टँडवर असताना मला एकटं वाटायचं, ते आठवून आता हसू येतं. तेव्हा निदान समोर माणसं होती.

एकदा काडी आली होती. बऱ्याच दिवसांनी. खण अर्धा उघडला होता, ताईला काहीतरी हवं होतं. आवाजावरून ओळखलं, आवाजाला वजन आलं होतं. ती म्हणाली, "ताई, लवकर करा ना, भूक लागलीय. आत्याने डबा दिलाय, बाहेर बसलीय तो घेऊन." मला भुका कळतात, माझा तोच धंदा. ही भूक मी माझ्या सबंध जन्मात घेतली नव्हती. जेवण अंगी लागणाऱ्या माणसाची भूक होती ती. ताई हसली. खण बंद झाला. काडीने तो श्वास काचेच्या नळीत सोडला असेल.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खण आवरायची वेळ कधीतरी येईलच. जो कुणी आवरेल त्याला एवढं सांगणं आहे. मला कचऱ्याच्या डब्यावर धरून दाबू नका. खिडकीपाशी न्या आणि बूच काढा. बाकी काही करावं लागणार नाही.

आणि जे थोर आहेत, ज्यांना पोराबाळांच्या वतीने बोलायची सवय आहे, त्यांनी एकदा जरा गप्प बसून बघावं. मी वर्षानुवर्षं गप्प बसलेय, काही होत नाही.

डाव्या कडेने आता रोज थोडं थोडं निसटतंय. माझ्या पोटात तिचा जो श्वास आहे तो मोजलेला नाही, कशातून वजा केलेला नाही. सगळं बोलून झाल्यावर, कुणी न तोडता बोलून झाल्यावर, लगेच सोडलेला तो श्वास आहे. संपेपर्यंत मी तो सांभाळतेय.